कॅडेट की क्लब

पंख्याने कागद उडू नयेत म्हणून रश्मीने एका गठ्ठ्यावर तांब्या ठेवला, दुसऱ्यावर मोबाईल. तिचे वडील सुनील एसटीच्या पारनेर डेपोतून ड्यूटी संपवून नुकतेच आले होते. ड्रायव्हरचा खाकी शर्ट न बदलताच ते कॉटवर बसले.

एका विमान कंपनीने रश्मीला कॅडेट म्हणून निवडलं होतं. आज पाचच्या आत उत्तर कळवायचं होतं. तिने वडिलांना पुन्हा समजावून सांगितलं. कंपनी दीड वर्ष परदेशी पाठवणार, तिथे सगळं शिक्षण सलग, आणि शेवटी त्याच कंपनीत पायलटची जागा. दुसरा रस्ता बारामतीच्या फ्लाइंग क्लबचा. एकेक पेपर सोडवायचा, जमतील तसे उड्डाणाचे तास भरायचे. तीन वर्षं तरी जातील, नोकरी मग आपली आपण शोधायची. दोन पेपर ती घरीच अभ्यास करून पास झाली होती.

“लायसन शेवटी सारखंच?”

“तेच.”

आई, जयमाला, उंबऱ्याशी मेथी निवडत होती. पक्की जागा सोडू नये, असं ती आठवडाभर सांगत आली होती.

मागच्या महिन्यात क्लबात शिकवणाऱ्या अश्विनी मॅडमनी रश्मीला शेजारी बसवून वर नेलं होतं. मध्येच विमान तिच्या हाती सोपवून त्यांनी आपले दोन्ही हात मांडीवर ठेवले होते. घरी आल्यापासून रश्मी त्या हातांविषयीच बोलत होती.

“क्लबात लायसन झालं, पुढची एक परीक्षा दिली, की तिथंच शिकवता येतं,” ती म्हणाली. “मला आधी शिकवायचंय. मोठं विमान नंतर.”

“आन नोकरी न्हाई लागली तर?” जयमालाने विचारलं.

“लागेल. उशिरा लागेल.”

जयमालाने जुडीतली पिवळी पानं बाजूला काढली. “मग लिही तसं.”

रश्मीने कंपनीला तीन ओळींचा नकार लिहिला, मोठ्याने वाचला आणि पाठवून दिला. मग तिला एकदम भूक लागली.

सुनील उठून शर्टाची बटणं काढू लागले.

“बारामतीची गाडी मागून घेतलीय मी,” ते म्हणाले. “सोमवारपासून.”

रश्मी त्यांच्याकडे वळली. “कधी मागितली?”

“झालं की धा दिवस.”

तिने आईकडे पाहिलं. जयमालाने मान वर न करता दुसरी जुडी सोडली.

“अर्ज मीच लिहून दिला,” ती म्हणाली.