जानकूबाबाच्या ओट्यावरचा मानेचा पट्टा

मी मानेचा पट्टा बोलतोय. कुत्र्याच्या गळ्यातला नव्हे, माणसाच्या. पिवळट प्लास्टिक, आतून स्पंज, हनुवटी टेकायला समोर खळगा आणि बाजूला चर्र करून उघडणारी चिकटपट्टी, एवढंच माझं रूप. हौसेने गळ्यात घालावं असं माझ्यात काही नाही आणि तसं कुणी घालतही नाही.

कारखान्यातले दिवस फारसे आठवत नाहीत. साच्यातून निघालो, पिशवीत गेलो, आणि पिशवी फुटली ती थेट मंचरला उभ्या असणाऱ्या एका रुग्णवाहिकेत. तिथे डॉक्टर वैजयंती होत्या आणि ड्रायव्हर गोरख होता. मला स्ट्रेचरच्या डोक्याशी एका आकड्याला अडकवलं. गाडी धावू लागली की मी डुलायचो, थांबली की माझा जीव टांगणीला लागायचा. आता कुणाची मान?

हायवेवर मोटारसायकल घसरली, बांध मला. पारगावच्या रस्त्याला उसाचा ट्रॅक्टर कलंडला, बांध मला. वारूळवाडीच्या एका पावण्याला तर मागून नुसता धक्का लागला होता, पण तो माझ्यासकट पोलीस ठाण्यात जाऊन बसला आणि समोरचा गाडीवाला दिसला की मोठमोठ्याने कण्हायचा. मी इतका ओशाळलो म्हणून सांगू! गोरख तर दुपारी मला उशाला घेऊन झोपायचा.

आणि गंमत पाहा, दवाखान्यात एक्स-रेचा फोटो निघाला की दर वेळी तेच, "मान ठीक आहे, काढा पट्टा." काढा! मग स्पिरिटने पुसायचं आणि पुन्हा आकड्याला. मी नक्की कशासाठी आहे?

एकदा गोरखनेच विचारलं, "म्याडम, एकाची बी मान मोडल्याली न्हाई. मंग दर टायमाला ह्यो पट्टा कशापायी?"

"अरे, लाखभर माणसांत वर्षाला दहा-पंधरा जणांचीच मान अशी मोडते," डॉक्टर म्हणाल्या. "म्हणजे आपली गाडी फिरते त्या दोन तालुक्यांत बघायला गेलं तर फार नाहीत. पण तो कोण, हे कुणाच्या कपाळावर लिहिलेलं नसतं."

"हायवेवरचाच कुनीतरी आसनार."

"असंच वाटतं सगळ्यांना. घरात पाय घसरून पडलेली म्हातारी माणसंच त्यात बरीच असतात. हाडं ठिसूळ झालेली असतात ना."

गोरखने मान हलवली आणि चहाला गेला. मी मात्र त्या दिवसापासून जास्तच बेचैन झालो. हायवेवर नाही, तर कुठे बसलाय तो?

मग उन्हाळ्यात डिंभे धरणाच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतून फोन आला. सोपान नावाचा चाळिशीतला गडी हिरडा पाडताना झाडावरून खाली आला होता. दुसरा एक पट्टा होता, तो आदल्या दिवशी एका पेशंटबरोबर पुण्याला गेलेला. गाडीत मी एकटाच.

आम्ही पोचलो तेव्हा सोपान जानकूबाबाच्या अंगणात पडला होता. जानकूबाबा त्याचा चुलता, सत्तरी ओलांडलेला. सोपानचं कपाळ फुटलेलं, खांदा सुजलेला, आणि सारी वाडी भोवती गोळा. डॉक्टरांनी मला त्याच्या गळ्यात बांधलं. एवढ्या उंचावरून पडलेला माणूस म्हटल्यावर मलाही वाटलं, आज आपलं काम आलं. पण सोपान हातपाय झाडत होता, पाणी मागत होता, आणि माझ्या आत मान इकडेतिकडे करत शिव्याही घालत होता.

त्याच्या गळ्यातून मला समोरचा ओटा दिसत होता. ओट्यावर जानकूबाबा बसला होता. अंगावर रक्ताचा थेंब नाही, तोंडातून आवाज नाही. दोन्ही तळहातांवर हनुवटी धरून, भरली घागर सांभाळावी तसं त्याने आपलं डोकं धरलं होतं.

त्याची बायको कोंडाबाई शेजारणीला सांगत होती, "परवा शेरडाला पाला टाकताना ह्याच ओट्यावरनं पाय सटकला. तवापासनं मान आवघडलीया. प्रयागबाईला सांगावा धाडलाय."

प्रयागबाई पायाळू. म्हणजे जन्मताना तिचे पाय आधी बाहेर आलेले. अशा माणसाने दुखऱ्या जागी पाय लावला की उसण, लचक उतरते, ही इकडची पक्की समजूत. शेजारच्या वाडीतून ती लगबगीने आलीच. सोपानकडे बघून हळहळली आणि ओट्याकडे वळली. तिने पाय धुतला. लोकांनी वाट करून दिली. जानकूबाबा पाठ करून बसला.

माझ्या अंगाला दरदरून घाम फुटला असता, फुटत असता तर! हाच तो, मला कळत होतं. पण मी बांधलेला भलत्याच गळ्यात, आणि मला तोंड नाही. डॉक्टर सोपानचा खांदा बघण्यात गुंतलेल्या. प्रयागबाईचा पाय उचलला गेला.

"बाबा, हात सोड की मानंचा. आंग सैल कर," ती म्हणाली.

"सोडवत न्हाई गं बाई," जानकूबाबा पुटपुटला. "हात काढला की मुंडकं खाली पडंल आसं वाटतंय."

डॉक्टरांनी झटकन वर पाहिलं. "पाय खाली! बाई, पाय खाली घ्या आधी! कुणी हात लावू नका बाबांना!"

प्रयागबाईचं तोंड उतरलं. आजवर तिच्या पायाला असं कुणी अडवलं नव्हतं. डॉक्टर धावत ओट्यावर गेल्या, बाबाच्या मानेमागे अलगद बोट लावलं, तसा तो कळवळला.

आता खरी पंचाईत. पट्टा एक, माना दोन. सोपानची बायको वैजयंतीबाईंचा हात धरून म्हणाली, "म्याडम, ह्यांचा पट्टा काढू नका वो. झाडावरनं पडल्यात त्ये! बाबा तर चालत व्हतं कालपतूर."

मला वाटलं, डॉक्टरांचंही मन डळमळलं. चूक झाली असती तर सोपान आयुष्यभर अंथरुणाला खिळला असता. त्यांनी पुन्हा त्याचे हातपाय तपासले, मान चाचपली. मग म्हणाल्या, "त्यांनाही मोकळं सोडत नाही मी. पण पट्टा बाबांना लागणार."

चर्र. मी सुटलो. सोपानच्या डोक्याच्या दोन्ही अंगांना घोंगड्यांच्या वळकट्या लावल्या, कपाळावरून चिकटपट्टी ओढली. तरी वाट खडकाळ, कुणीतरी डोकं धरायला हवं होतं.

डॉक्टरांनी प्रयागबाईकडे पाहिलं. "बाई, तुमचा हात स्थिर आहे का?"

"पाय नगं म्हनला, मंग हात तरी घ्या," प्रयागबाई म्हणाली आणि गाडीत चढली. घाटातून खाली येईपर्यंत तिने सोपानचं डोकं जराही हलू दिलं नाही. घाम डोळ्यांत उतरला, तरी तो पुसायला तिने हात काढला नाही.

मी जानकूबाबाच्या गळ्यात होतो. माझ्या आत ती मान गप्प होती. इतके दिवस जिच्यासाठी तळमळलो ती हीच मान, पण मला आनंद म्हणून झाला नाही. गोरखने एकही खड्डा चुकवायचा सोडला नाही, तरी प्रत्येक हेलकाव्याला मी ती हनुवटी घट्ट धरून ठेवत होतो.

पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात फोटो निघाले. सोपानचं गळ्याजवळचं हाड मोडलं होतं, मान ठणठणीत. जानकूबाबाच्या मानेच्या दुसऱ्या मणक्याला आरपार तडा. "पाय लागला असता तर जागेवरच खेळ संपला असता," तिथले डॉक्टर म्हणाले. त्यांनी नवा पट्टा काढला, तर बाबा हटून बसला, "ह्योच ऱ्हाऊ द्या, वळखीचा झालाय."

तर असा मी वाडीला आलो. काही महिने त्या गळ्यात राहिलो. बाबा खाजवायचा, कुरकुरायचा, जेवताना आमटी माझ्यावर सांडायचा. दोनदा काढून फेकायला निघाला, तर कोंडाबाईने असा डोळा वटारला की पुन्हा नाव घेतलं नाही. शेवटी हाड जुळलं. तेव्हापासून मी ओट्यावर खिळ्याला टांगलेला आहे.

प्रयागबाईचा पाय अजून चालतो. कंबर भरली, पाठ धरली, तर लोक तिच्याकडेच येतात. पण मानेचं दुखणं आलं की ती आधी म्हणते, "हात सोडून दाव." बरेच जण मान डोलावून दाखवतात. मग मी खिळ्यावर निवांत.

आज सकाळी कोंडाबाई ओढ्यावर शेवाळावरून घसरली. आपली आपण उठून घरी आली. आणि आता ती ओट्यावर बसली आहे, दोन्ही हातांवर हनुवटी धरून.

"हात सोड गं," प्रयागबाई म्हणाली.

"नगं. भ्या वाटतंय."

प्रयागबाईने पाय मागे घेतला. "कुनीतरी गाडीला फोन लावा!" जानकूबाबा उठला, त्याने मला खिळ्यावरून काढलं. कुठली पट्टी कुठे बसते ते त्याला पाठ आहे. "हलू नगंस," तो तिला पुन्हा पुन्हा सांगतोय. "आजाबात हलू नगंस."

वैजयंतीबाईंचा हिशेब खरा असेल तर एका घरात दोन माना मोडू नयेत. पण तो हिशेब लाखाचा आहे, आणि ही मान एकट्या कोंडाबाईची.

एके काळी 'मान ठीक आहे, काढा पट्टा' ऐकलं की मी चिडायचो. आज गाडीची वाट बघत मी एवढंच मागतोय, मला कुणीतरी तेच म्हणू दे. उगाच बांधला म्हणू दे.