जमिनीवरचं कासव

"याला पाण्यात ठेवता, काकू?" जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर मेघाने कासव अलगद उचलून विचारलं.

"दिवसभर अंगणात फिरतं. रात्री हौदात सोडते, चार बोटं पाण्यात," भानुमतीबाई म्हणाल्या. "कासवाला पाणी नको का?"

मेघाने त्याचा पुढचा पाय बोटावर घेतला. "हा पाय बघा, हत्तीसारखा आहे. बोटांमध्ये पडदा नाही. पाठ घुमटासारखी, तिच्यावर पिवळ्या चांदण्या. हे जमिनीवरचं कासव आहे. याला कोरडी माती, ऊन आणि चरायला गवत लागतं. खायला काय देता?"

"दूधपोळी. आमच्या यांच्या हातून खातं. म्हणजे, खायचं."

मेघाने कासव तपासलं. कवच दाबलं की किंचित दबत होतं, नाकातून फेस येत होता. रात्रीच्या ओलाव्याने छातीत सर्दी उतरलीय, ती म्हणाली. शिवाय ही जात घरी पाळायला बंदी आहे; वनखात्याकडे दिलं तर निदान उपचार होतील.

कासव घेऊन भानुमतीबाई रिक्षाने सिडकोतल्या घरी आल्या. सगळी नोकरी त्यांनी टेलिफोन खात्यात, लोकांना एकमेकांशी जोडून देण्यात काढली होती. घरात मात्र आता व्यंकटरावांशी धड दोन वाक्यं जुळत नव्हती. त्यांची आठवण विरत चालली होती. कधी ते बायकोलाच "आपण कोण?" विचारत. पण सकाळी अंगणात खुर्ची टाकली की कासवाला "या शेठजी!" अशी हाक ठरलेली. बदलीच्या गावी एका सहकाऱ्याने दिलेलं ते कासव त्यांना नावानिशी आठवत होतं.

भानुमतीबाईंनी हौद रिकामा केला, कोपऱ्यात वाळू पसरली, ऊन येईल तिथे खोकं ठेवलं, कोवळं गवत आणि जास्वंदीची पानं घातली. शेठजींनी तोंड लावलं नाही. मान लांब करून तोंडाने श्वास घ्यायला लागले, तेव्हा भानुमतीबाईंनी फोन केला.

वनखात्याचा कडुबा पेटी घेऊन आला. व्यंकटरावांनी पेटीच धरून ठेवली.

"कुठे नेताय त्याला?"

"दवाखान्यात न्यायलोय, काका. लई थकलंय ते."

"परत कधी आणणार?"

कडुबाने भानुमतीबाईंकडे पाहिलं. त्या पाणी आणायच्या निमित्ताने आत गेल्या.

त्यानंतर व्यंकटराव रोज कुंड्या सरकवून शोधत. "तू हरवलंस त्याला," असं म्हणून रडत. भानुमतीबाई दर वेळी सगळं समजावून सांगत, आणि तासाभराने ते नव्याने शोधायला लागत. शेवटी भानुमतीबाईंनी इस्त्रीचा शर्ट व्यंकटरावांच्या अंगावर चढवला आणि फुलंब्रीच्या रस्त्याला, जिथे असे प्राणी ठेवतात, तिथे त्यांना घेऊन गेल्या.

फाटकातच कडुबा भेटला. भानुमतीबाईंना बाजूला घेऊन खालच्या आवाजात म्हणाला, "काकू, ते गेलं. दुसऱ्याच दिवशी. डॉक्टरनं सुई बी दिली, पर नाय झालं काय. तुमाला कसं कळवावं, तेच सुधरंना."

रात्री हौदात चार बोटं पाणी, हौदावर फळी, थंडी लागू नये म्हणून. किती मायेने केलं होतं सगळं. भानुमतीबाईंनी पदर तोंडाशी नेला.

"अगं, इकडे ये!" व्यंकटराव जाळीपाशी वाकले होते. आत सात-आठ कासवं गवतात चरत होती. त्यांतल्या एका दांडग्या कासवाकडे बोट दाखवून ते लहान मुलासारखे हसत होते. "शेठजी बघ! किती सुधारले!"

भानुमतीबाई जवळ गेल्या.

"हो," त्या म्हणाल्या. "सुधारलेत."

"ओळखलं का गं त्याने मला?"

"ओळखलं ना. बघतोय की तुमच्याकडे."

कडुबाने मूठभर गवत उपटलं आणि व्यंकटरावांच्या हातात दिलं. त्यांनी ते जाळीकडे नेलं. भानुमतीबाईंनी मनगटाला आधार दिला आणि गवत जाळीतून आत सरकवलं.