क्रेगच्या नाकाचा इलाज

मे महिना लागला की क्रेग ऑग्डनच्या नाकाचा नळ सुटायचा आणि त्यापाठोपाठ अकलेचंही बूच उडायचं, असं त्याच्या बायकोचं ठाम मत होतं. नाकाबद्दल लिनेटला दया यायची. टेकडीवरचं गवत फुलोऱ्यावर आलं की अर्ध्या गावाची नाकं वाहतात, त्यात त्याचा काय दोष? पण अकलेला माफी नव्हती.

क्रेग गावच्या पितळी बँडातला मुख्य कॉर्नेटवाला, म्हणजे आखूड ट्रम्पेट फुंकणारा. विट फ्रायडे म्हणजे ईस्टरनंतरचा आठवा शुक्रवार. त्या संध्याकाळी उत्तर इंग्लंडच्या या डोंगरातल्या गावागावांत बँडची चढाओढ लागते. बसमधून उतरायचं, रस्त्याने वाजवत चालायचं, मग एका जागी उभं राहून एक धून वाजवायची आणि पुढच्या गावाकडे पळायचं. परीक्षक पडदे ओढलेल्या कॅरॅव्हनमध्ये बसतो. त्याला कोण वाजवतंय ते दिसत नाही, ऐकू मात्र सगळं येतं. शिंकसुद्धा.

त्या शिंकेपायी क्रेग दोन वर्षं शॅननच्या ब्यूटी पार्लरमध्ये जात होता. शॅनन भुवया कोरायची, नखं लावायची, ओठ फुगवायची आणि मोसमात पुरुषांच्या ढुंगणात स्टेरॉईडचं इंजेक्शनही टोचायची. एक टोचणी, की नाक महिनाभर कोरडं ठाक.

आणि बाकीचं? गेल्या वर्षी तीन आठवडे क्रेग उंटासारखा पाणी पीत होता. झोप नाही, सारखी चिडचिड. एक वर्षाच्या लेकीने, विनीने, लापशी सांडली म्हणून त्याने चमचा भिरकावला. पोरगी दचकून रडली नाही, नुसती बघत राहिली. लिनेटच्या मनातून ती नजर आजही जात नव्हती. रक्त तपासलं तर साखर थेट मधुमेहाच्या उंबरठ्यावर. क्रेगच्या बापाची पायाची तीन बोटं याच साखरेने गेलेली. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, "हे औषध एकदा आत गेलं की बाहेर काढता येत नाही. आठवडेच्या आठवडे सगळ्या अंगात फिरतं. पुन्हा घेऊ नका." टोचलेल्या जागचं मांस झिजून चमचाभर खड्डा पडला होता तो वेगळाच.

"डॉक्टर काय, बोलतातच," सासूबाई ग्लेनिस क्रेगला म्हणाल्या. "तुझ्या बापाने कधी ऐकलं त्यांचं?"

"म्हणूनच बोटं मोजायला सोपी गेली," लिनेट म्हणाली. ग्लेनिसबाई आठवडाभर बोलल्या नाहीत. तो आठवडा फार सुखाचा गेला.

या वर्षी एप्रिलमध्येच लिनेटने नवऱ्याला औषधांच्या दुकानात नेलं. तिथल्या नसरीनबाईंनी विचारलं, "नाकाचा स्प्रे वापरता ना?"

"वापरला. काही उपयोग नाही. पाण्याची फवारणी."

"दाखवा बघू कसा मारता."

क्रेगने ऐटीत मान मागे टाकली, नळी नाकात सरळ खुपसली आणि असा जोरात हुंगला की रांगेतली म्हातारी दोन पावलं मागे सरकली.

"वा!" नसरीनबाई म्हणाल्या. "नाक सोडून सगळं घशाला पोचलं. तुमच्या घशाला पराग चावत नाहीत, ऑग्डनसाहेब. मान जरा खाली. नळी कानाच्या दिशेने, मधल्या पडद्याकडे नाही. हळूच श्वास. आणि रोज. आजपासून, नाक वाहत नसलं तरी."

"वाहत नसताना कशाला?"

"आग लागल्यावर विहीर खणता का तुम्ही?"

त्यांनी वर झोप न आणणारी गोळी दिली, डोळ्यांचे थेंब दिले. स्प्रेतही स्टेरॉईडच असतं, पण इवलंसं, नाकापुरतं, हेही समजावलं. क्रेग पाच आठवडे कुरकुरत का होईना स्प्रे मारत राहिला. शिंका निम्म्यावर आल्या. पण निम्म्यावर समाधान मानील तो ऑग्डन कसला!

विट फ्रायडेच्या आठ दिवस आधी तो म्हणाला, "केस कापून येतो." केस आठवड्यापूर्वीच कापले होते. लिनेटने विनीला गाडीत बसवलं आणि सरळ शॅननचं दार ढकललं.

आत दोन बायका केसांना रंग लावून बसल्या होत्या. त्यातली एक बँडमास्तरांची बायको. अर्धवट ओढलेल्या पडद्याआड क्रेग पॅन्ट खाली करून पालथा. शॅननने छोट्या फ्रिजमधून, ओटच्या दुधाशेजारून, बाटली काढली होती.

"हे औषध लिहून कोणी दिलं?" लिनेटने विचारलं.

"आमचे डॉक्टर आहेत. ऑनलाइन."

"त्यांनी याला पाहिलंय?"

"बाई गं, फॉर्म भरून घेतलाय की."

लिनेटने फॉर्म उचलला. 'घरात मधुमेह?' यापुढे क्रेगने सुबक अक्षरात 'नाही' लिहिलं होतं.

"बाप तुझा नव्हता का मग?" ती म्हणाली. "ग्लेनिसबाईंना विचारून येऊ?"

बँडमास्तरीणबाईंना खोकल्याची उबळ आली.

"लिनेट, हळू," पडद्याआडून आवाज आला. "एका धुनेचा प्रश्न आहे गं. चार मिनिटांचा."

"घे की मग. मी हात धरायला आले नाही. फक्त त्या कागदावर खरं लिही आणि मग घे. मोठा झालास ना?"

ती तिथेच खुर्चीवर बसली. विनीने पडद्याखालून बापाचा लोंबता मोजा ओढला आणि खुदकन हसली. पडद्याआड क्रेग उठून बसला. मग पॅन्टचा पट्टा वाजला.

"पैसे परत मिळत नाहीत हं," शॅनन म्हणाली.

"ठेव," क्रेग म्हणाला. "ओटचं दूध आण."

त्या शुक्रवारी बँड सहा गावांत वाजला. पाच गावं क्रेगचं कॉर्नेट लोण्यासारखं चाललं. सहाव्या गावात नुकतंच कापलेलं गवत रस्त्याकडेला पडलं होतं आणि भर धुनेत त्याला शिंक आली. एक स्वर गेला, तो गेलाच. त्या गावात बँड नववा आला.

"टोचून घेतलं असतं तर?" ग्लेनिसबाई खिम्याचं पॅटिस खाता खाता म्हणाल्या.

"तर तू मला कुबड्या भेट दिल्या असत्यास, आई," क्रेग म्हणाला. लिनेटला तो त्या क्षणी लग्नाच्या दिवसापेक्षाही देखणा वाटला. पण हे तिने त्याला सांगितलं नाही. डोक्यात गेलं असतं.

सोमवारी त्याने रक्त तपासलं. साखर उंबरठ्याच्या अलीकडे होती, फार नाही, पण अलीकडे. डॉक्टरांनी ॲलर्जीच्या दवाखान्याला पत्र लिहिलं. तिथे जिभेखाली ठेवायची गवताची गोळी मिळते. ती तीन वर्षं रोज घ्यायची. शरीर हळूहळू परागांना सरावतं. रांग मात्र नऊ महिन्यांची.

"नऊ महिने!" क्रेग करवादला. "तेवढ्यात पोर होतं."

"होतं. आणि त्यानंतर तीन वर्षं रोज बघावं लागतं."

 क्रेग हळूच म्हणाला, "एप्रिलमध्ये स्प्रेची आठवण कर."

"मी नाही करणार. नाक तुझं."

क्रेगने फोन काढला आणि एक एप्रिलवर खूण करायला घेतली. तारीख बघून तो थबकला. "मूर्खांचा दिवस आहे."

"मग बरोबर लक्षात राहील," लिनेट म्हणाली आणि विनीचं तोंड पुसायला लागली.