डोंगरवाल्या बाया

पावसाआधीची सुकी मासळी घ्यायला जिजा तलासरीच्या बाजारात यायची, तेव्हा ती आधी भाव विचारायची नाही. हर्षदाने पसरलेल्या फडक्यासमोर बसायची, मूठभर जवळा नाकाशी न्यायची आणि म्हणायची, "पोरी, तुमच्या खाडीकडे शुक्री नावाची कोणी वारलीण म्हातारी राहते का गं?"

हर्षदा धाकटी डहाणू या किनाऱ्यावरच्या गावची. दर आठवड्याला बोंबील, जवळा, मांदेली टोपलीत भरून टमटमने तलासरीला यायची. पहिल्या वर्षी तिला वाटलं, म्हातारीची कोणी मैत्रीण असेल. पुढच्या वर्षी पुन्हा तोच प्रश्न आला, तेव्हा तिने विचारलं, "कोण लागते तुमची, आजी?"

"आयस माजी."

हर्षदाने जिजाच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं. हिचीच सत्तरी उलटलेली. हिची आई असणार तरी कुठून? पण तसं तोंडावर कसं बोलायचं? "विचारते हं गावात," ती म्हणाली आणि पिशवीत थोडा जवळा वरून टाकला. तेव्हापासून दर वैशाखात जिजा विचारायची आणि हर्षदा नाही म्हणायची. दोघींनाही त्याची सवय झाली.

जिजाचा पाडा तलासरीच्या पूर्वेला, डोंगराच्या अंगाला. ती लहान असताना तिची आई शुक्री मिठागरावर कामाला गेली होती. पाऊस यायच्या आत मिठाचे ढीग उचलून छपराखाली न्यायचे, पंधरा दिवसांचं काम. खाडीपलीकडच्या मिठागराचा मुकादम डोंगरातल्या पाड्यापाड्यांवर फिरून बाया गोळा करायचा. या गावची एक, त्या गावची दोन. शुक्रीच्या माहेरची रूपी तिला हाकारायला अंगणात आली होती. जिजाचा भाऊ बारक्या तेव्हा नुकता पाऊल टाकायला लागलेला. शुक्रीने त्याला जिजाच्या कडेवर दिलं, डोक्यावर गाठोडं घेतलं आणि दोघी पायवाटेने उतरल्या. जिजाला एवढंच आठवत होतं.

पाऊस लागला तरी शुक्री आली नाही. मग एक दिवस मुकादम आला. बापाला बाजूला घेऊन म्हणाला, "तुझी बायको पळाली रे. ती आणि ती रूपी. गुजरातेतल्या कोणा माणसांबरोबर गेल्या. शोधू नकोस, हसं होईल."

बापाने शोधलं नाही. आईचं लुगडं दांडीवर वाळत होतं, ते त्याने काढलं आणि चुलीत घातलं. पुढच्या वर्षी त्याने दुसरी बायको केली. त्या घरात शुक्रीचं नाव पुन्हा निघालं नाही.

घराबाहेर मात्र निघत राहिलं. भांडण झालं की बाया जिजाला म्हणायच्या, तू पळपुटीची पोर. लग्न झाल्यावर सासूने तिला कितीतरी दिवस एकटीला बाजारात पाठवलं नाही. जिजाला आईचा राग यायचा. उंबरगावच्या पलीकडे कुठेतरी आईचं कौलारू घर असेल, तिथे तिला दुसऱ्या मुली झाल्या असतील, त्यांना पुढ्यात घेऊन ती त्यांच्या केसांना तेल लावत असेल, असं तिच्या डोळ्यांसमोर यायचं. घर आणि माणूस तिने मनात कधीच माफ करून टाकले होते. ते तेल तेवढं माफ होत नव्हतं. तरीही नवा भात कांडला की पहिल्या वासाला तिला आईच आठवायची. कोणी किनाऱ्याकडून आलेलं भेटलं की तिच्या तोंडून प्रश्न निघायचाच. आई जिवंत नसणार, हे तिला कळत होतं. पण कुठे राहिली, कुठे मेली, एवढं तरी कळावं.

बारक्या विचारत नसे. "सोडून गेली ती गेली," एवढंच म्हणायचा.

गेल्या पावसाळ्यात हर्षदाची सासू वारली. तिच्यामागे घरातलं एक काम हर्षदाच्या अंगावर आलं. खाडीच्या काठाला, मासळी वाळवायच्या मैदानापलीकडे भेंडीच्या झाडाखाली शेंदूर लावलेले काही दगड होते. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ द्यायच्या आधी या घरची सून तिथे भात आणि मासळी ठेवून यायची. गावात त्यांना डोंगरवाल्या बाया म्हणत. हर्षदाला वाटायचं, असतील आसरांसारख्या पाण्यातल्या देवी. सासू असताना विचारायची वेळ आली नाही. आता ताट हातात घेऊन निघताना तिने ओट्यावर बसलेल्या चुलतसासऱ्यांना विचारलं, "सुदामकाका, या देवींना मासळी कशी चालते?"

सुदामकाका ऐंशीच्या घरातले. नजर गेलेली, कान शाबूत. ते म्हणाले, "देवी कसल्या? माणसं होती ती. बस, सांगतो."

त्यांनी सांगितलं ते ऐकून हर्षदा ताट घेऊन भेंडीखाली गेली. त्या दिवशी तिने भात जरा जास्त वाढला. आणि तलासरीची म्हातारी तिच्या मनातून जाईना.

पण वैशाख येईपर्यंत जिजा काही बाजारात दिसली नाही. शेवटी आली, नेहमीसारखी बसली, जवळा हातात घेतला. तिने विचारायच्या आतच हर्षदा म्हणाली, "आजी, तुमची आई मिठागरावर एकटीच गेली होती का?"

"नाय. तिच्या माहेरची होती एक. रूपी."

हर्षदाच्या हातातला तराजू खाली आला. समोरचं गिऱ्हाईक बोंबिलाचा भाव विचारत होतं, तिला ऐकूच गेलं नाही.

"काय गं?" जिजा म्हणाली.

"तुम्ही माझ्या घरी या," हर्षदा म्हणाली. "आमचे काका आहेत. ते सांगतील. मी असं बाजारात सांगणार नाही."

जिजाने तिच्या तोंडाकडे बघितलं आणि यायचा दिवस ठरवला. तिने हातातला जवळा परत ढिगात सोडला आणि न घेताच उठली.

त्याच आठवड्यात ती निघाली. आधी बारक्याच्या घरी गेली. तो आंब्याखाली टोपली विणत बसला होता. "आयसचं काय तरी कळंल. चल माज्यासंगं," ती म्हणाली.

"माजं काय हाय तिथं?" बारक्याने वर पाहिलं नाही. "मी तिला वळखत पण नाय."

एसटीने जिजा एकटीच डहाणूला उतरली. स्टँडवर हर्षदा उभी होती. घरी नेऊन तिने चहा दिला. जिजाने बशीत ओतला, पण प्याली नाही. सुदामकाकांनी तिला जवळ बसवलं.

"मी तेव्हा वयात येत होतो," ते सांगू लागले. "मिठागरावरचं काम संपलं होतं. मुकादम बायांना होडीतून अलीकडे पोचवायचा. होडी लहान. दोन खेपा करायच्या, तर त्याने सगळ्यांना एकदम बसवलं. वर गाठोडी. ओहोटी लागलेली, त्यात वारा उठला. मध्यावर होडी कलंडली. डोंगरातल्या बाया, त्यांना पोहता कुठलं येतंय? माझा बाप आणि मी होडी घेऊन गेलो. आणखी दोन होड्या गेल्या. पण खाडी ओढत होती."

हर्षदाने पाण्याचा तांब्या पुढे केला. त्यांनी तो हाताने बाजूला सारला.

"एक हाती लागली. जिवंत होती. चिखलावर आणून ठेवली, माझ्या आयशीने तिला पेज पाजली. नाव विचारलं तर रूपी म्हणाली. गाव विचारलं तर तिला सांगता येईना. पाणी फार गेलं होतं पोटात. सारखं एकच म्हणायची. तिला आधी काढा, तिचं पोर नुकतं चालायला लागलंय. तिला आधी काढा."

जिजाने बशी खाली ठेवली. चहा सांडला. तो पुसायला हर्षदा उठली नाही.

"कोणाला, ते नाव घेतलं का?"

"घेतलं असेल. मला आठवत नाही, बाय. खोटं कशाला सांगू? रूपी पण दिवस मावळताना गेली. बाकीच्या दुसऱ्या दिवशी भरतीबरोबर वर आल्या. तुमच्यात मेलेल्या माणसाचं काय करतात, आम्हाला माहीत नव्हतं. आम्ही पुरल्या. खुणेला दगड ठेवले."

"आणि मुकादम?"

"तो म्हणाला, यांच्या घरी मी कळवतो, मला गावं माहीत आहेत. आम्हाला खरं वाटलं. घरची माणसं येतील म्हणून माझी आयस दिवाळीपर्यंत वाट बघत होती. कोणी आलं की आधी वाटेकडे जायची. कोणीच आलं नाही. मग तिने भात ठेवायला सुरुवात केली. म्हणाली, यांचं कोणी नसेल तर आपण."

जिजाने विचारलं, "पाणी गार होतं का?"

सुदामकाकांनी विचार केला. "नाही. वैशाखातलं. उन्हाने तापलेलं असतं."

जिजाने मान हलवली.

हर्षदा तिला भेंडीखाली घेऊन गेली. शेंदूर उन्हाने फिका पडला होता. कुठला दगड कोणाचा, ते सांगणारं कोणी नव्हतं. जिजा एकेका दगडासमोर बसली, तळवा ठेवला, उठली, पुढच्यासमोर बसली. शेवटच्या दगडाशी ती उठलीच नाही. तिथेच मांडी घालून बसली. समोर खाडीत पाणी उतरत होतं, बांबूंवर बोंबील वाऱ्याने हलत होते.

"मी हिला लय शिव्या घातल्या," ती म्हणाली. "भाकर करपली तरी हिला शिव्या. माजं पोर मेलं तेव्हा पण हिलाच. आणि ही हितं. एसटीच्या वाटेवर. दर वर्साला मी तुला विचारत होते आणि ही हितंच होती."

हर्षदा तिच्या शेजारी बसली. तिला सासूची आठवण आली. ओल्या हातांनी ताट झाकून भरभर चालत जाणारी सासू. आपण कधी विचारलं नाही, याची तिला आज चुटपुट लागली. दोघी उन्हं कलेपर्यंत बसल्या. मग हर्षदाने तिला एसटीत बसवलं आणि खिडकीतून सुक्या बोंबलाची पिशवी आत दिली. जिजाने ती मांडीवर धरून ठेवली.

पाड्यावर उतरल्यावर ती आपल्या घरी न जाता आधी बारक्याकडे गेली. सगळं सांगितलं. होडी, वारा, मुकादमाचं खोटं. बारक्या ऐकत होता, हातातली बांबूची कामटी सोलत होता. रूपीचे शब्द तिने सांगितले तेव्हा त्याची सुरी थांबली.

"तसं म्हणाली?"

"तसंच. तिला आधी काढा, तिचं पोर नुकतं चालायला लागलंय."

बारक्याने कामटी खाली टाकली. उठून घरामागे गेला. त्याची सून बाहेर डोकावली, जिजाने हातानेच तिला आत जायला सांगितलं. तो परत आला तेव्हा तोंड धुतलेलं होतं. "तिचे दिवस घातलेच नाय आपण," तो म्हणाला. "जित्या माणसाचे कोण घालंल? भगताकडं जातो मी."

लहान्या नावाचा भगत दुसऱ्या पाड्यावरचा. त्याने शुक्रीबरोबर रूपीचंही नाव घ्यायचं ठरवलं. बारक्या रूपीच्या गावी जाऊन आला, तिच्या भावाचा नातू भेटला. त्याने रूपी हे नावच कधी ऐकलं नव्हतं, पण तो आला. पाड्यावरची झाडून सगळी माणसं आली. ज्या घरांतून पळपुटी हा शब्द जिजाने लहानपणी ऐकला होता, त्या घरांतलीही आली आणि खाली मान घालून बसली. हर्षदा आणि तिच्या गावच्या चार बाया टमटम करून डोंगर चढून आल्या. त्यांनी मासळी आणली होती. सुदामकाकांना येणं झेपलं नाही. त्यांनी निरोप पाठवला होता की माझी आयस असती तर तिला बरं वाटलं असतं.

भगताने शुक्रीला हाक मारली, मग रूपीला, आणि मग ज्यांची नावं कोणालाच माहीत नव्हती त्यांना. बारक्याने तांदूळ वाहिले. बाया रडल्या. मुकादम कधीचा मरून गेला होता. त्याला शिवी घालायलाही कोणाला सुचलं नाही.

जेवणं झाली, पाहुणे गेले. बारक्या अंगणात बसून राहिला. साठी ओलांडलेला माणूस, गुडघे छातीशी घेऊन. जिजा पत्रावळी गोळा करत होती. त्याने तिला हाक मारली.

"बाय, मी चालायला लागलो ते तिनं बघितलं होतं का?"

जिजा त्याच्याजवळ येऊन बसली. "बघितलं ना. हितंच, या अंगणात. तू खांब धरून उभा होतास. तिनं हात पुढं केले. तू खांब सोडला."

"मंग?"

"मंग दोन पावलं टाकून तिच्या अंगावर पडलास."

"हसली का ती?"

जिजाला अंगण आठवत होतं, खांब आठवत होता, आईच्या हातातल्या बांगड्या आठवत होत्या. तोंड मात्र किती वर्षांपासून पुसट झालं होतं. ती त्याच्याकडे बघत राहिली. कपाळ, नाक, हनुवटीवरचा खड्डा.

"हसली," ती म्हणाली. "लय हसली. तुला उचलून शेजारच्या घरी दाखवायला घेऊन गेली."

"मंग?"

जिजाने पाय पसरले, पाठ खांबाला टेकवली आणि सांगायला लागली. जे आठवत होतं ते आधी सांगितलं. ते संपलं, तरी ती थांबली नाही.