सातवं गाणं

माझी वहिनी कॅसेट कंपनीत नोकरीला होती. दर वर्षी कंपनी त्या वर्षात गाजलेली अठरा गाणी एका कॅसेटवर काढायची. गायक सगळे वेगवेगळे, एकमेकांशी फारसं न पटणारे. त्यांची गाणी कोणत्या क्रमाने लावायची, ते वहिनी ठरवायची. मला हे काम पोरखेळ वाटायचं. एकदा तिने मलाच यादी करायला बसवलं. माझ्या यादीत तीन रडकी गाणी लागोपाठ आली.

"भाऊजी, ही कॅसेट आहे की शोकसभा?"

कच्ची टेप ती घरी आणायची आणि रविवारी सकाळी कामं चालू असताना लावायची. दादा इस्त्री करायचा, आई शिलाई मशीनवर असायची, भांडी माझ्याकडे. कोण कुठे गुणगुणतं, कोणाचा हात कुठे थांबतो, ते वहिनी वहीत टिपायची.

एका वर्षी सगळ्यात गाजलेलं गाणं एका नामांकित गायकाचं होतं. ते सातवं लावलंय हे कळल्यावर त्यांचा पारा चढला. कंपनीच्या मालकांना घाम फुटला.

"करून टाका ना पहिलं!" ते वहिनीला म्हणाले.

"आधी त्यांना ऐकू द्या. रविवारी आमच्या घरी पाठवा."

आणि ते आले की! स्वयंपाकघरातल्या स्टुलावर तोंड फुगवून बसले. आम्ही आपापली कामं करत राहिलो.

सहावं गाणं एका नवख्या मुलीचं होतं, टाळ्यांच्या ठेक्यावरचं, ऐन रंगात आल्यावर तुटणारं. बाकी गाण्यांमध्ये वहिनी दोन सेकंद मोकळे सोडायची. इथे तिने चार सोडले होते. आईचं मशीन थांबलं. मग त्यांचा आवाज आला, एकटाच, वाद्यांशिवाय. दादाने इस्त्री उभी करून ठेवली. मी नळ बंद केला.

गाणं संपलं तेव्हा गायकांची मान खाली होती.

"इतकं चांगलं गायलोय मी?"

"गायलात की. पण पहिल्या गाण्याला लोक खुर्च्या ओढत असतात, आवाज कमी-जास्त करत असतात. त्यात वाया गेलं असतं."

"आणि ती मुलगी?"

"तिचं हे पहिलंच गाणं. तिच्या जागी दुसरी चार लावून पाहिली. त्यांच्यामागून तुमचं उठेना."

ते अठराव्या गाण्यापर्यंत बसले. निघताना दारात घुटमळले.

"माझ्या आधी पाच सेकंद ठेवता येतील?"

"चारच. पाचव्याला माणूस टेप बिघडली म्हणून उठतो."

कॅसेट तुफान चालली. बसमध्ये, केस कापायच्या दुकानात, जिथे जावं तिथे तीच. पुढच्या वर्षी त्याच गायकांनी आपलं गाणं न मागता पाठवलं, सोबत चिठ्ठी: "कुठे बसवायचं ते तुम्हीच ठरवा."

वहिनीने त्यांना सतरावं बसवलं. त्यांनी एका शब्दाने विचारलं नाही.