न उघडलेले पाते

मित्रांनो, मी बाणाचा एक फाळ आहे. माझे एक पाते वाकले आहे आणि दुसरे गंजून जागीच बसले आहे. कोरीन स्कारच्या कामाच्या टेबलावर, स्क्रूंच्या डब्यात मी पडून असतो. याचे मला दुःख नाही आणि सुखही नाही. पण माझ्याबाबतीत जे घडले ते कोणीतरी सांगायला हवे, म्हणून सांगतो.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या टेकड्यांवर शरदात वारा फार. कोरीनचे वडील, ऑर्वल स्कार, चाळीस वर्षे चीजच्या कारखान्यात राबले आणि दर शरदात धनुष्य घेऊन हरणामागे गेले. त्यांच्या जुन्या फाळांची पाती कायम उघडी असत. वारा त्यांना धरायचा आणि बाण वीतभर बाजूला जायचा. कोरीन एका वर्कशॉपमध्ये डाय, म्हणजे पत्रा कापायचे साचे, बनवायची. एका रविवारी ऑर्वल तिला म्हणाले,

"जगासाठी बनवतेस, बापासाठी एक टोक बनव की. उडताना मिटलेलं आणि आत शिरल्यावर उघडणारं."

"आणि उघडलं नाही तर?"

"तर तुझं नाव सांगीन गावभर!"

कोरीनने जेवणाच्या सुट्टीत लेथवर माझे अंग घडवले. पातळ पोलादी पत्र्यातून दोन पाती कापली, त्यांना पाणी दिले, धार लावली आणि बारीक पिनांवर बसवली. मिटलेली पाती धरून ठेवायला वरून एक रबरी कडी चढवली. खरी अक्कल त्या कडीत होती. कडी सैल असली तर बाण सुटताच पाती हवेतच उघडतात. घट्ट असली तर ती सारून पाती उघडायला जोर लागतो, आणि तो जोर फाळाजवळ नसतो. तो धनुष्यातून यावा लागतो.

माझ्या आधीचे पाच फाळ वाया गेले. एक तर हवेतच उघडला आणि कोंबड्यांच्या खुराड्याच्या दारात जाऊन रुतला. मी सहावा. मला कोरीनने घट्ट कडी घातली, कारण ऑर्वलच्या धनुष्याचा ताण साठ पौंडांचा होता. अंगणात फोमच्या ठोकळ्यावर गाईचे कातडे ताणून त्यांनी मला सोडले. कातड्याला सरळ, लांब चीर पडली. ऑर्वलनी तिच्यात दोन बोटे घालून पाहिली, मग तिसरे घातले. शुक्रवारी गावच्या खानावळीत तळलेले मासे खायला गेले तेव्हा त्यांनी मला रुमालात गुंडाळून बरोबर नेले.

मर्ल, म्हणजे कोरीनचा मामा, मला उलटसुलट करून पाहू लागला. "हे टोक आहे की छत्री?"

"छत्रीच आहे," ऑर्वल म्हणाले. "माझ्या पोरीने बनवलीय. तुझ्या पोराने काय बनवलंय, सांग बरं."

"कर्ज!" मामा म्हणाला आणि सगळे हसले.

पुढे तीन शरद मी काम केले. तीन हरणे पडली, आणि तिन्ही शंभर पावलांच्या आत. दर वर्षी कोरीन मला धुवायची, धार लावायची, कडी नवी घालायची. लोक माझी तारीफ करत. मला त्यातले काही जाणवत नसे. मी मिटलेला असे, उघडत असे, पुन्हा मिटत असे.

चौथ्या वर्षी जूनमध्ये ऑर्वलचा उजवा खांदा गेला. त्यांनी कोणाला सांगितले नाही. मी भात्यात होतो, शेडच्या भिंतीवर. एका दुपारी ते एकटेच आत आले. धनुष्य ओढायला गेले आणि निम्म्यावरच थांबले. पुन्हा ओढले, पुन्हा थांबले. मग त्यांनी ॲलन की, म्हणजे षटकोनी पाना, घेतली आणि धनुष्याच्या दोन्ही बाजूंचे ताण कमी करायचे स्क्रू सैल केले. वर दोन वेढे, खाली दोन वेढे. आठवड्याने आणखी दोन-दोन.

सप्टेंबरात कोरीन माझी कडी बदलायला आली.

"बाबा, ताण साठच ना?"

"कधी बदललाय का?" ऑर्वल म्हणाले. त्या वेळी ते दाराबाहेर बघत होते.

तिने घट्ट कडी घातली.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, सकाळी, मचाणावरून ऑर्वलनी मला सोडले. नर हरीण बावीस पावलांवर होते. नेम चुकला नव्हता. मी खांद्यामागे लागलो, वीतभरही आत गेलो नाही आणि थांबलो. एक पाते अर्धे उघडले, फासळीवर आपटले आणि वाकले. दुसरे उघडलेच नाही. हरीण उधळले. झाडावर घासून बाण मोडला आणि मी आत राहिलो.

आत ऊब होती. श्वास यायचा, जायचा, आणि दर श्वासाला मी थोडा हलायचो. हरीण चालले, बसले, उठले, पुन्हा बसले. असा दिवस गेला, रात्र गेली. मला काही वाटले नाही. वाटायला हवे होते की नाही, ते मला ठाऊक नाही.

बाहेर काय चालले होते ते मी नंतर ऐकले. पाचोळ्यावर रक्ताचे तीन थेंब होते, पुढे काहीच नव्हते. जखम अरुंद, रक्त बाहेर येणार कुठून? ऑर्वल, कोरीन आणि मामा अंधार पडेपर्यंत शोधत राहिले आणि उजाडताच पुन्हा निघाले. दुपारी ओढ्यापलीकडे, पाणकणसांच्या दलदलीत कोरीनला हरीण दिसले. ते बसलेले होते. तिला पाहून त्याने मान उचलली, पण उठले नाही. तिने आपल्या धनुष्याने त्याचे हाल संपवले.

मग सुरी घेऊन तिने मला बाहेर काढले आणि पाण्यात धुतले. एक पाते वाकलेले, दुसरे कडीत घट्ट मिटलेले. तोवर ऑर्वल आणि मामाही तिथे येऊन पोहोचले होते. बापाच्या खांद्यावरून तिने धनुष्य काढून घेतले आणि दोरी ओढली. दोरी सहज मागे आली. तिने ती हळूहळू परत सोडली.

"किती आहे हे?"

ऑर्वल बुटावरचा चिखल गवतावर पुसू लागले.

"बाबा, किती?"

"अडतीस."

"कधीपासून?"

"जूनपासून."

मामा म्हणाला, "अरे ऑर्वल!"

"तू म्हणाली असतीस, आता घरी बस," ऑर्वल म्हणाले.

"मी तुला दुसरं टोक करून दिलं असतं. अरुंद, घट्ट बसवलेल्या पात्यांचं. त्याला उघडायलाच लागत नाही, कमी ताणाला तेच चालतं. एका दुपारचं काम होतं, बाबा."

तिचा आवाज चढला नव्हता. कोणी रडले नाही, कोणी ओरडले नाही. ऑर्वल हरणाजवळ गुडघे टेकून बसले. त्यांनी डावा हात त्याच्या मानेवर ठेवला. उजवा त्यांना नीट उचलता येत नव्हता, आणि आता तो लपवण्यात अर्थही नव्हता. मग कोरीन आणि मामाने हरीण ओढत नेले. ऑर्वल तिघांची धनुष्ये घेऊन मागून चालत राहिले.

माझे पाते कोरीनने सरळ केले नाही. त्या हिवाळ्यात तिने नवा फाळ केला. त्याला ना कडी, ना पिना. पुढच्या सप्टेंबरात ऑर्वल स्वतःच वजनकाटा घेऊन तिच्या वर्कशॉपमध्ये आले. त्यांनी धनुष्य काट्याला टांगले आणि दोरी खाली खेचली. काट्यावरचा आकडा त्यांनीच मोठ्याने वाचला.

"पस्तीस."

"बरं," कोरीन म्हणाली आणि कानस उचलली.

मित्रांनो, मला धार लावा, तेल द्या, असे मी म्हणणार नाही. माझे व्हायचे ते होऊन गेले. तुमच्यासाठी कोणी काही घडवत असेल, कपडा, जोडा, औषध, काहीही, आणि त्याने तुम्हाला माप विचारले, तर आजचे माप सांगा. कालचे सांगू नका. चुकीच्या मापाचे दुखणे सांगणाऱ्याला होतेच असे नाही. ते कुठेतरी दलदलीत बसून, दुसराच कोणी सोसतो.