विल्फची आंघोळ

“आंघोळ म्हणजे काही उपचार नव्हे, मिसेस थ्रेलफॉल,” विल्फचं ब्लडप्रेशर घेता घेता आरोग्य खात्याची नर्स म्हणाली. “त्यासाठी कौन्सिलला सांगा.”

कौन्सिलच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, समाजसेवा खात्याची बाई आदल्याच आठवड्यात येऊन गेली होती. तिच्या मते अर्धांगवायू झालेल्या माणसाची आंघोळ हा उपचारच होता, आणि उपचार कौन्सिलकडे येत नव्हते.

“म्हणजे मी घाणेरडाच मरायचा,” विल्फ म्हणाला. त्याची जीभ जड झाली होती, पण तिखटपणा गेला नव्हता.

इंग्लंडमधल्या फ्लीटवुड बंदराच्या मासेमारी बोटींवर हयात काढलेला हा आडमाप माणूस. नोरा, त्याची बायको, त्याला स्वयंपाकघरात खुर्चीवर बसवून ओल्या फडक्यानं पुसून काढायची. अख्खा हिवाळा तसाच गेला. पाठ पुसून घेताना तो डोळे मिटून घ्यायचा.

वसंतात दोन्ही खात्यांनी भांडण मिटवून पैसे एकत्र केले आणि त्यातून, आजाऱ्याला पुन्हा स्वतःचं स्वतः करायला शिकवणारी बर्नाडेट आली. तिनं टबावर आडवी फळी बसवली, भिंतीला दांडी ठोकून घेतली.

“आंघोळ तुम्ही करायची, विल्फ. मी नुसती ओरडणार.”

“ओरडायला घरात एक आहे की!”

नोरा आधार द्यायला पुढे झाली.

“नोरा, हात मागे,” बर्नाडेट म्हणाली.

काही दिवसांनी विल्फ फळीवरून घसरला. कोपर सोललं.

“पुन्हा येऊ नकोस!” तो बर्नाडेटवर खेकसला.

ती गेल्यावर नोरानं मलम लावलं. “जाऊ दे ना. मी आहे की पुसायला.” बोलताना तिला बरं वाटत होतं, आणि ते तिचं तिलाच कळलं.

विल्फनं हात हळूच सोडवून घेतला. सकाळी त्यानं स्वतः फोन लावला. “ये गं बाई. शेजाऱ्यांना ऐकू गेलं तरी चालेल, ओरड.”

मे महिन्यात बर्नाडेटचं काम संपलं. त्यानंतरच्या रविवारी नोरा टॉवेल घेऊन विल्फच्या मागोमाग वर न्हाणीघरापाशी गेली.

“आण इकडे,” त्यानं टॉवेल घेतला. “तू खाली जा. चहा टाक.”

कडी लावायची नाही, असं बर्नाडेटनं बजावलं होतं. त्यानं लावली.

नोरा दाराशी उभी राहिली. पाण्याचा चुबुकचुबुक आवाज येत होता. मग ती खाली आली, किटली ठेवली, खुर्चीत बसली.

बऱ्याच वेळानं वर टबाचं बूच निघालं. भिंतीतल्या पाइपातून पाणी खळखळत खाली जाऊ लागलं. सगळं निघून जाईपर्यंत ती ऐकत बसली.